फ्रँकचा बडी कुठाय?

मामाच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आठ दिवस टीव्ही नको, मोबाईल नको, वाचन नको असं बजावलं तेव्हा त्रास मामाला कमी आणि मला जास्त झाला. मामा म्हणजे मराठा लाईट इन्फन्ट्रीत २४ वर्षं काढून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलेला साताऱ्याकडचा माणूस. पहाटे साडेचारला उठणार, पांघरुणाची घडी अशी घालणार की कडेला पट्टी लावून बघावी, आणि साडेपाचपासून विचारत बसणार, आता काय करायचं? काळा गॉगल लावून, पाठ ताठ ठेवून आमच्या सोफ्यावर बसलेल्या मामाला बघून बायको मला किचनमध्ये घेऊन गेली आणि म्हणाली, त्यांना काहीतरी उद्योग दे, नाहीतर ते वॉचमनची परेड घेतील. (दुसऱ्या दिवशी खरंच त्यानं वॉचमनला वरचं बटण लावायला लावलं, पण ते असो.)

पेपर वाचून दाखवला, वीस मिनिटांत संपला. ज्ञानेश्वरी काढली तर म्हणाला ती मला पाठ हाय, तुझ्यापेक्षा बरी. मग म्हणाला, गोष्ट सांग कायतरी. फौजेची.

आता माझ्याकडे फौजेची अशी एकच गोष्ट आहे, आणि ती कॉलेजपासून आहे. हॉस्टेलवर एका सीनियरच्या हार्ड डिस्कमधून आलेला फोल्डर, नंतर पगार सुरू झाल्यावर मुंबईत फोर्टमधल्या फूटपाथवरून घासाघीस करून घेतलेले जाडजूड जुने अंक, बायकोच्या भाषेत 'ती कवटीवाली रद्दी'. पनिशर. मार्व्हल कंपनीच्या कॉमिकमधला फ्रँक कॅसल. अमेरिकन मरीन, त्यातही फोर्स रेकॉन या टेहळणीच्या खास तुकडीतला माणूस, बायको-पोरं गँगस्टरांच्या गोळीबारात गेली आणि तेव्हापासून हा एकटा गुंड मारत सुटलाय. पन्नास वर्षं झाली, अजून संपले नाहीत.

कॉमिक मोठ्यानं वाचून दाखवायचा प्रयत्न कधी केलाय का कुणी? अजिबात करू नका. सहा पानं एकही शब्द नाही, नुसता पाऊस आणि बंदुका, त्यामुळे मी आपला रेडिओवर मॅचची कॉमेंट्री केल्यासारखा, आता तो गच्चीवर आलाय, आता खाली गाडी थांबली, आता चार जण उतरले. मामा मध्येच, "हातात काय हाय त्याच्या?" एम सिक्स्टीन. "सिंगल टाकतोय का बर्स्ट?" मला काय माहीत, चित्रात नुसतं धडाधड लिहिलंय. "मग बर्स्ट आसंल."

पण सुरुवात मी सुरुवातीपासून केली. फेब्रुवारी १९७४ ची तारीख असलेला अमेझिंग स्पायडर-मॅनचा १२९ वा अंक. लेखक जेरी कॉनवे, तेव्हा जेमतेम विशी-एकविशीतला पोरगा. त्यानंच आदल्या वर्षी स्पायडर-मॅनची मैत्रीण ग्वेन स्टेसी मारून टाकून वाचकांच्या शिव्या खाल्लेल्या. त्याला स्पायडर-मॅनच्या मागे लावायला एक भाडोत्री मारेकरी पाहिजे होता, नावही त्यानं असॅसिन असंच काहीतरी ठरवलेलं, पण मार्व्हलचा प्रकाशक स्टॅन ली म्हणाला पुढेमागे याला हिरो करायची वेळ आली तर मारेकरी हे नाव कसं चालेल, आणि पनिशर हे नाव सुचवलं, जे खरं तर आधी त्यांच्याच एका अंकात गॅलेक्टस नावाच्या व्हिलनच्या रोबोटला देऊन झालेलं होतं. कॉनवेच्या डोक्यात छातीवर कोपऱ्यात एक छोटीशी कवटी होती. चित्रकार जॉन रोमिटा सीनियरनं ती ओढून अख्ख्या छातीवर पसरवली आणि खालच्या दातांचा केला काडतुसांचा पट्टा. बास. पुढे याच्यावर सिनेमे आले, सिरीज आल्या, पण लोकांनी उचलली ती ही कवटीच.

मामाला हे ऐकवलं तर त्याचा पहिला आक्षेप: "पांढरी कवटी? छातीवर? रातच्याला?" हो. "म्हंजी समोरच्याला एम द्यायलाय." मी म्हटलं याचं उत्तर आहे कॉमिकमध्ये, आतमध्ये बुलेटप्रूफ घातलेलं असतं, समोरच्यानं डोक्याऐवजी छातीवरच मारावं म्हणून ती कवटी. मामानं गॉगलच्या आडून विचार केला. "समोरचा नेमबाज किती चांगला हाय त्याच्यावर हाय ते."

पहिल्या अंकात तर फ्रँक चक्क व्हिलनच आहे. जॅकल नावाचा एक जण त्याला पटवून देतो की स्पायडर-मॅन खुनी आहे, नॉर्मन ऑस्बॉर्नला त्यानंच मारलं, आणि हा निघतो मारायला. म्हणजे पहिल्याच एंट्रीला हा माणूस चुकीच्या माणसाच्या मागे लागलेला होता, कुणीतरी कानात सांगितलं म्हणून. त्याच्या फॅन मंडळींना (मीही त्यातलाच) ही गोष्ट सोयीस्कर विसरायला होते.

घरच्यांची गोष्ट नंतर आली, १९७५ मध्ये, मार्व्हल प्रिव्ह्यू नावाच्या ब्लॅक अँड व्हाईट मॅगझिनमध्ये. मॅगझिन अशासाठी की साध्या कॉमिक बुकला १९५४ पासून कॉमिक्स कोड होता, रक्त किती दाखवायचं, गुन्हेगार कसा दाखवायचा याची सगळी सोवळं-ओवळं, आणि मॅगझिनला तो लागू नव्हता. सेंट्रल पार्क, पिकनिक, बायको मारिया, एक मुलगी, एक मुलगा. माफियावाल्यांचा एक खून यांच्या नजरेस पडतो आणि साक्षीदार नको म्हणून सगळ्यांवर गोळ्या. फ्रँक तेवढा वाचतो.

हे सांगताना मी जरा हात राखून सांगितलं. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं जे विचारलं त्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलोय, नाहीतर पनिशरवर लिहिणाऱ्यांची कमी नाहीये.

"याचा बडी कुठाय?"

मी म्हटलं, म्हणजे?

"आरं बडी. फौजेत कुणाला एकट्याला सोडत न्हाईत. जोडी असती. तू झोपला तर तो जागा, तू पुढं तर तो मागनं कव्हर. तुझ्या घरी कोण कोण हाय, पोरगं कितवीत हाय, ते त्याला ठावं असतंय. याच्या घरी एवढं झालं, मग याची कंपनी कुठं होती? मातीला कोण आलं का न्हाई?"

आता मी हे कॅरॅक्टर पंधरा-सोळा वर्षं वाचतोय. लोकांनी त्याच्यावर लिहिलेलं वाचलंय, अमेरिकेतला बंदुकांचा प्रश्न, कायदा हातात घेणं, हिंसेचं उदात्तीकरण, सगळं. मारियाच्या मातीला पलटणीतलं कोण आलं होतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

मी सांगायचा प्रयत्न केला की मामा, तो खूप ट्रेन्ड होता रे, एकटाच पुरेसा. आणि कॉमिकवाल्यांनी यात हात आखडलेला नाहीच. मरीन तर मरीन, वर फोर्स रेकॉन, शिवाय आर्मीचं एअरबोर्न, रेंजरचं ट्रेनिंग, नेव्हीचं पाण्याखालचं, सील वगैरेही. आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटात पोरगा बीई, एमबीए, शिवाय कराटे ब्लॅक बेल्ट लिहितात तसा प्रकार. त्याआधी म्हणे पाद्री व्हायला पण गेला होता, पण पाप्यांना क्षमा करणं जमेना म्हणून सोडलं. मामा हसला. "एवढं कोर्स केलं तर घरी कवा गेला? दोन पोरं झाली कवा?"

या सगळ्या मिलिटरीवाल्या अँटीहिरोंमध्ये ही एक गंमत असते. मार्व्हलचाच डेडपूल स्पेशल फोर्सेसवाला, दुसऱ्या कॉमिक कंपनीचा, डीसीचा, डेथस्ट्रोक आर्मीवाला. त्यांच्यात निदान प्रयोग झाले, इंजेक्शनं दिली, शरीर बदललं. फ्रँकमध्ये काहीच नाही. कोळी चावला नाही, रेडिएशन नाही. त्याची पॉवर म्हणजे त्याच्या सरकारनं त्याला पगार देऊन जे शिकवलं ते. फक्त ते ज्या रचनेत शिकवलं, वर ऑफिसर, बाजूला माणूस, मागे रेशन, ती रचना काढून घेतलेली.

आणि इथे व्हिएतनामची एक गोष्ट आहे जी मला माहीत होती पण मामाच्या प्रश्नाशी कधी जोडली नव्हती. त्या युद्धात अमेरिकेनं पलटणीच्या पलटणी बदलल्या नाहीत, माणसं बदलली. प्रत्येकाची वेगळी तारीख. आर्मीवाल्याला १२ महिने, मरीनला १३. तुझे भरले की तू विमानात बसायचं, तुझ्या शेजारचा तिथेच, त्याचे अजून चार महिने बाकी, आणि तुझ्या जागी दुसऱ्या दिवशी कुणीतरी नवीन पोरगा येणार ज्याचं नावही कुणाला माहीत नाही. म्हणजे जायचं एकट्यानं आणि यायचंही एकट्यानं. जंगलातून निघालेला माणूस दोन-तीन दिवसांत आईच्या किचनमध्ये. बोटीनं महिनाभर परत येताना पत्ते कुटत, शिव्या देत, रडत जे काही आतून निघून जातं ते निघायला वेळच नाही.

मामाला हे सांगितलं तर त्याला ते पटेचना. "आसं कसं? आमची पलटण हलली की सगळी हलायची. बेळगावला भरती झालो तवाची पोरं पेन्शनीपर्यंत संगं." मग स्वतःशीच, "म्हणूनच."

म्हणूनच काय ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तर १९७३ च्या जानेवारीत पॅरिसचा करार, मार्चपर्यंत अमेरिकेचं शेवटचं लढणारं सैन्य घरी, आणि वर्षाच्या आत वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर फ्रँक कॅसल. तेव्हा या माणसांना काय होतंय याला धड नावसुद्धा नव्हतं. पीटीएसडी हा शब्द डॉक्टरांच्या अधिकृत पुस्तकात आला १९८० ला, फ्रँकनंतर सहा वर्षांनी. कॉमिकवाल्यांना रोगाचं नाव माहीत नव्हतं पण पेशंट दिसलेला होता, असं म्हणायला हरकत नाही.

सुरुवातीची दहा वर्षं त्याचं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं हे मात्र खरं. १९८३ च्या सुमारास तर त्याला इतका वेडा दाखवला की रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यांवर आणि सिग्नल तोडणाऱ्यांवर तो गोळ्या झाडत सुटला. हे वाचून आम्ही हॉस्टेलवर हसून लोळलो होतो, कारण पुण्यात त्याला स्वारगेटच्या चौकातच दुपारच्या आत गोळ्यांचा पुढचा लॉट मागवावा लागला असता. मग १९८६ ला लेखक स्टीव्हन ग्रँट आणि चित्रकार माइक झेक यांनी छोटी मालिका केली, त्यात सांगून टाकलं की त्याला तेव्हा औषध चारलेलं होतं, आणि गाडी रुळावर आणली. ती मालिका एवढी धावपळीत काढली की अंक पाच आणि कव्हरवर छापलेलं चारचं. पण खपली तुफान. नव्वदीच्या सुरुवातीला एकाच वेळी त्याच्या तीन-तीन मासिक मालिका चालू, १९९४ ला शाळकरी पोरांच्या विनोदी कॉमिकमधल्या आर्चीच्या गावात, रिव्हरडेलमध्येसुद्धा जाऊन आला (खोटं नाही सांगत, आर्ची आणि बेटी आणि हा कवटीवाला, एकाच अंकात), आणि १९९५ ला तिन्ही मालिका बंद. मग १९९८ ला त्याला मारून देवदूतांच्या नोकरीला लावला. तो काळ आपण सोडून देऊ. घरात कुणी वाया गेलेला काका असतो ना, त्याच्याबद्दल पाहुण्यांसमोर बोलत नाहीत, तसं.

खरा फ्रँक मला सापडला तो गार्थ एनिसचा. नॉर्दर्न आयर्लंडचा लेखक, लहानपण बंदुका आणि बॉम्बच्या बातम्यांत गेलेलं. २०००ला आधी चित्रकार स्टीव्ह डिलनबरोबर एक खवचट, काळ्या विनोदाची मालिका केली, आणि मग २००३ ला 'बॉर्न' नावाचे चार अंक. ते चार अंक मी मामाला दोन दिवस लावून सांगितले.

१९७१. कंबोडियाच्या हद्दीजवळ व्हॅली फोर्ज नावाचा एक मोडकळीला आलेला तळ, मार्व्हलनं कल्पलेला, पण असे तळ तेव्हा होते. युद्ध हरत आलंय हे सगळ्यांना कळलेलं. निम्मी पोरं हेरॉइनवर. कॅप्टन फ्रँक कॅसल, तिसरी खेप. तिसरी! घरी बायको, एक पोरगी, दुसरं पोटात, आणि हा परत परत येतोय. (जुन्या एका आवृत्तीत तर नियमानं परत जाता येईना म्हणून आडनावच बदललं होतं, मूळचा तो कॅस्टिलिओने, इटालियन.) मग तळ बंद करायचा का ते बघायला एक जनरल येतो. फ्रँक त्याला अगदी अदबीनं पुढे नेतो, हे बघा सर, तिथून बघा, असं करून बरोब्बर शत्रूच्या स्नायपरच्या टप्प्यात उभा करतो. एक गोळी. तळ चालू राहतो, लढाई चालू राहते.

इथे मामा एकदम उठून बसला. "ह्यो येडा न्हवं. ह्यो वाईट हाय." मी गप्प. "आपल्याच सायबाला?" पाच मिनिटं तो काही ऐकेचना, पाणी पिऊन आला, मग म्हणाला सांग पुढं.

पुढं म्हणजे पावसाळी रात्र, वरून विमानं येऊ शकत नाहीत, आणि तळावर चहूबाजूंनी हल्ला. सगळे मरतात. ज्याच्या तोंडून आपण गोष्ट ऐकत असतो तो गुडविन नावाचा पोरगा घरी जायचे दिवस मोजत असतो, तोही मरतो. आणि फ्रँकच्या डोक्यात आधीपासून एक आवाज बोलत असतो, तुला हेच पाहिजे ना, कधीच न संपणारं? मी देतो. फक्त हो म्हण. तो हो म्हणतो. सकाळी प्रेतांच्या ढिगात एकटा उभा. मग विमानतळ, मारिया, छोटी मुलगी, मिठी, आणि तो आवाज हळूच म्हणतो की याची किंमत असेल हे बोललो होतो ना.

म्हणजे एनिसनं काय केलं बघा. तीस वर्षं सगळे सांगत होते की सेंट्रल पार्कमध्ये घरचे मेले म्हणून हा असा झाला. एनिस म्हणतो, छे, हा आधीच असा झालेला होता, पार्कमधली घटना म्हणजे नुसती सही-शिक्का. मला कॉलेजात हे फार भारी वाटलं होतं, एकदम ग्रीक शोकांतिका वगैरे. मामाला भारी वाटलं नाही. मामानं हिशेब मांडला. "पलटण अख्खी गेली. ह्यो एकटा राहिला. मग त्याला घरी कशाला पाठवला लगेच?"

बडीचा प्रश्न डोक्यात घेऊन मी पुढचे अंक पुन्हा चाळले, मामा दुपारचा झोपल्यावर, आणि वाचता वाचता चाटच पडलो. कारण फ्रँकला बडी होता. मायक्रोचिप म्हणून. कॉम्प्युटरवाला, जाडा, चष्मेवाला, हत्यारं पुरवणारा, गाडी बनवून देणारा, ऐंशीच्या दशकापासून त्याच्याबरोबर. २००४ ला एनिसनं प्रौढांसाठीची मॅक्स मालिका सुरू केली त्यातल्या पहिल्याच कथेत मायक्रो परत येतो. तो सीआयएसाठी काम करायला लागलेला असतो, फ्रँकला पकडून आणतो आणि खुर्चीला बांधून समजावतो, अरे गल्लीतले गुंड काय मारतोस, सरकारसाठी काम कर, देशाचे शत्रू मार, माणसं मिळतील, हुकूम मिळेल. म्हणजे परत पलटणीत ये. आणि फ्रँक नाही म्हणतो. पुढे कळतं की या कारभाराचा पैसा हेरॉइनमधून येतोय, आणि शेवटी फ्रँक त्याच मायक्रोला शॉटगननं उडवतो. जो एकमेव माणूस त्याला जेवलास का विचारायचा, त्याला. मी हे पूर्वी वाचलं तेव्हा 'तत्त्वाचा पक्का' वाटला होता. या वेळी पान उलटवेना.

याच मालिकेत एनिसची शेवटची कथा आहे, २००८ ला साठाव्या अंकाला संपते. काही जनरल मंडळींना आपली लफडी झाकायची असतात म्हणून ते फ्रँकला धरायला डेल्टा फोर्स या अमेरिकन आर्मीच्या खास तुकडीची पोरं पाठवतात. आणि अख्ख्या न्यूयॉर्कला थरथरवणारा हा माणूस त्या पोरांवर गोळी चालवत नाही. माफिया, रशियन, आयरिश, कुणालाही सोडलं नाही, पण वर्दीतल्या सैनिकांवर नाही. हात वापरतो, पळतो, मार खातो. मधे मधे एका पुस्तकाची पानं येतात, व्हॅली फोर्जवर मेलेल्या त्या गुडविनच्या भावानं लिहिलेलं पुस्तक, अर्थात तेही काल्पनिकच, पण आई-बापाचं पुढे काय झालं, घरात त्या मुलाची खोली कशी राहिली, ते सगळं त्यात. बंदुकांच्या कॉमिकमध्ये मधेच असं घरातलं येतं तेव्हा वाचणाऱ्याचं काय होतं ते वाचणाऱ्यालाच माहीत.

नेटफ्लिक्सवाल्यांनी २०१७ च्या सिरीजमध्ये व्हिएतनाम काढून इराक-अफगाणिस्तान घातलं, जॉन बर्नथाल फ्रँक झाला, आणि तो इतका फिट बसला की आधीचे तीन सिनेमेवाले फ्रँक (१९८९ च्या लुंडग्रेनच्या अंगावर तर कवटीसुद्धा नव्हती) लोक विसरले. तिथे बडी आहेत, दोन. एक बिली रूसो, जो दगा देतो. दुसरा कर्टिस, एक पाय गमावलेला, जो परत आलेल्या सैनिकांना गोल करून खुर्च्यांवर बसवतो आणि बोलतं करतो. त्यातला एक कोवळा पोरगा, लुईस, रात्री झोप येत नाही म्हणून बापाच्या घराच्या मागच्या अंगणात खंदक खणतो आणि त्यात जाऊन झोपतो. एवढं एकच दृश्य मी मामाला सांगितलं. मामा काही बोलला नाही, पण आईकडून मला माहीत आहे की काश्मीरमधून पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा तो महिनाभर घरात झोपला नव्हता, गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून बसायचा. आजी दोनदा उठून कंदील घेऊन जायची म्हणे, चहा द्यायला. रात्री दोन वाजता चहा.

सातव्या दिवशी चेकअपला गेलो. पार्किंगमध्ये मामाची नजर माझ्या पल्सरच्या टाकीवर गेली. तिथे २०११ पासून पांढरी कवटी आहे. नाना पेठेत रेडियमवाल्याकडून कापून घेतली होती, दीडशे रुपयांना. तो पोरगा ब्लेडनं इतकं सफाईदार कापत होता, एकेक दात सुटा करून ट्रान्सफरच्या कागदावर उचलत होता, आणि मी विचारलं हे काय आहे माहितीय का, तर म्हणाला, "कवटी. लई चालती सध्या. 'राजे' बरोबर घेतलं तर कमी करतो." आज एफसी रोडच्या टीशर्टांवर, मोबाईलच्या कव्हरवर, ट्रकच्या मडगार्डवर सगळीकडे आहे ती, आणि घालणाऱ्या दहातल्या नऊ जणांना फ्रँक कोण ते ठाऊक नाही. आपल्याकडे हे बरंचसं निरागस आहे असं मी समजतो.

तिकडे नाही. इराकमध्ये क्रिस काइल या नेव्ही सील स्नायपरच्या तुकडीनं ती कवटी आपल्या गाड्यांवर, जॅकेटांवर रंगवली, मग सैन्यातून ती पोलिसात आली. २०१७ ला केंटकीतल्या कॅटलेट्सबर्ग या छोट्या गावच्या पोलिसांनी सरकारी गाड्यांच्या बॉनेटवरच लावली, बोंब झाल्यावर काढली. ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये कॅपिटलवर, म्हणजे त्यांच्या संसदेवर, जमाव चढून गेला त्यातही काहींच्या अंगावर ती होती. जेरी कॉनवे बिचारा म्हातारपणी सांगत फिरला की अरे हा माणूस न्यायव्यवस्था फेल गेल्याची खूण आहे, पोलिसानं हे लावणं म्हणजे आपलंच दिवाळं जाहीर करणं. २०२० मध्ये तर त्यानं कृष्णवर्णीय कलाकारांकडून कवटीची नवी डिझाइन्स करून घेतली आणि पैसे ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीला दिले. मार्व्हलनं २०१९ च्या एका अंकात खुद्द फ्रँकच्याच हातून तो स्टिकर फाडवला. दोन पोलीस भेटतात, भलतेच खूश, सेल्फी वगैरे, आम्ही तुमचे फॅन, गाडीवर तुमची कवटी लावलीय. फ्रँक स्टिकर काढून फाडतो आणि म्हणतो तुम्ही शपथ घेतलीय, मी ते सगळं कधीच सोडलं, आदर्शच पाहिजे असेल तर कॅप्टन अमेरिका आहे ना. तरी स्टिकर थांबले नाहीत. शेवटी २०२२ ला नव्या मालिकेत त्याची कवटीच बदलली, शिंगंबिंगं लावून. टीशर्टवर चालते ती जुनीच.

मला त्या पोलिसांचं कधी नीट कळायचं नाही. शाळेतल्या मॉनिटरनं गुंडाचा फोटो वहीवर लावावा तसं वाटायचं. मामाच्या प्रश्नानंतर थोडं वेगळं दिसायला लागलं. ज्यांच्याकडे गाडीत शेजारी जोडीदार आहे, वायरलेसवर पलीकडे माणूस आहे, मेलं तर बंदुकीच्या सलामीला अख्खं खातं उभं राहणार आहे, त्यांनी बिल्ला निवडला तो जगात एकही माणूस नसलेल्याचा. का निवडला असेल, मला खरंच सांगता येणार नाही. मीही निवडला होता, हॉस्टेलात दहा पोरांच्या गराड्यात राहून.

मामा टाकीकडे वाकून बघत म्हणाला, "ह्येच का ते?" हो म्हटलं. त्यानं नखानं एका दाताची सुटलेली कड जरा खरवडली. "रेडियम चांगलं हाय. उन्हात टिकलंय."

संध्याकाळी गॉगल उतरला होता. दर रविवारी मामाला एक फोन येतो, कोल्हापूरकडच्या त्याच्या बडीचा. १९ वर्षं एकत्र काढलेली, एकाच सेक्शनला. फोन स्पीकरवर, कारण दोघांनाही ऐकायला कमी येतं. आधी डोळा, मग ऊस, मग पेन्शनचे एरियर्स, मग तिकडचा गुडघा. मग मामा म्हणाला, "आरं भाच्यानं एक गोष्ट सांगितली आठवडाभर. फौजी हाय. अमेरिकेचा. बायकू-पोरं गेली त्याची, गोळीबारात. एकटाच फिरतोय."

पलीकडून बराच वेळ नुसती खरखर.

"एकटाच?"

"एकटाच. पलटण बी गेली सगळी."

"मग गावाकडं का न्हाई जात? गाव कुठलं त्येचं?"

मामानं फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, न्यूयॉर्क.

"न्यूयॉर्क म्हणतोय."

"लांब हाय," पलीकडचा म्हणाला. आणि मग, "नंबर हाय का?"